बाहेर पडायचं दार: दस्तऐवज सांभाळणारी यंत्रणा निवडताना

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न घेतले आहेत.)



आजचा विषय नावावरून रुक्ष वाटेल. दस्तऐवज व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे कार्यालयात ज्याला नुसतं ‘डीएमएस’ म्हणतात ती, आणि खुली मानकं. म्हणून आधी एक गोष्ट सांगतो. माझ्या डोळ्यांसमोर घडलेली आहे.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या कामात मी थोडीफार मदत करत असे. संस्थेचं नाव घेत नाही, कारण हे कुठेही घडलं असतं. एक दिवस तिथल्या एक निवृत्त बाई आल्या. पेन्शनच्या प्रकरणात त्यांना सेवेत कायम केल्याच्या आदेशाची प्रत हवी होती. आदेश १९९८ सालचा. त्यांची स्वतःची प्रत घर बदलताना गहाळ झाली होती. कार्यालयातली फाईल कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती आणि एका पावसाळ्यात तिथे पाणी शिरलं होतं. पण लिपिक म्हणाले, “बाई, काळजी करू नका. त्या वर्षापासूनची सगळी पत्रं कॉम्प्युटरवर आहेत.”

सीडी शोधली, फाईल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, मधेच एखादा स्वल्पविराम. मराठीचं एक अक्षर नाही.

तुमच्यापैकी अनेकांनी हे पाहिलं असेल. त्या काळी मराठी टाईप करायची म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेला फाँट वापरायचा. फाईलमध्ये मराठी नसायचीच. असायचे रोमन अक्षरांचे क्रमांक, आणि त्यांना मराठी रूप द्यायचा तो फाँट. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. काही सॉफ्टवेअरना तर प्रिंटरच्या पोर्टला लावायचं एक कुलूप लागायचं. ते हरवलं की खेळ संपला.

शेवटी एका निवृत्त टंकलेखकांच्या घरी जुना संगणक निघाला आणि तो फाँट मिळाला. आदेश वाचता आला. पण खरी अडचण पुढेच होती. सीडीवर तीन फायली होत्या: ‘ऑर्डर१’, ‘ऑर्डर फायनल’ आणि ‘ऑर्डर फायनल नवीन’. तिन्हींत तारखा वेगळ्या. यातला प्रत्यक्ष निघालेला आदेश कोणता? सही तर कशावरच नाही. हा प्रश्न सोडवला हाताने लिहिलेल्या जावक नोंदवहीने. त्यात क्रमांक होता, तारीख होती, कुणाला पाठवलं ते होतं. त्यावरून तिन्हींपैकी एक फाईल जुळली. बाईंचं प्रकरण आठ महिने उशिरा मार्गी लागलं.

या प्रसंगानंतर संस्थेने ठरवलं की आता पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, डीएमएस घ्यायची. निविदेचा मसुदा माझ्याकडे वाचायला आला. त्यात एक ओळ होती: ‘प्रस्तावित प्रणाली खुल्या मानकांशी सुसंगत आहे का? होय / नाही.’ तीन पुरवठादार आले. तिघांनीही ‘होय’वर खूण केली. आणि गंमत अशी की तिघंही आपापल्या परीने खरं बोलत होते.

आजचं व्याख्यान म्हणजे त्या ‘होय’ची चिकित्सा आहे. तो इतका स्वस्त का आहे, आणि तो महाग कसा करायचा, एवढंच मला सांगायचं आहे.

‘खुलं’ म्हणजे किती खुलं?

पहिला गोंधळ शब्दाचाच. खुलं मानक आणि खुला स्रोत, म्हणजे ओपन स्टँडर्ड आणि ओपन सोर्स, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना बघता येतो, तो ओपन सोर्स. माहिती कशी लिहायची, कशी द्यायची-घ्यायची याचा नियम सगळ्यांना उपलब्ध असतो, ते ओपन स्टँडर्ड. मालकीचं सॉफ्टवेअर खुलं मानक नीट पाळू शकतं. आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअरही तुमची माहिती अशा रीतीने डेटाबेसमध्ये ठेवू शकतं की ती बाहेर काढायला तज्ज्ञच बोलवावा लागेल.

मग मानक खुलं कधी म्हणायचं? आपल्याकडे याची एक चांगली व्याख्या उपलब्ध आहे. केंद्र सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं. त्यात अटी आहेत: मानकाचा तपशील सगळ्यांना मिळाला पाहिजे, वापरासाठी स्वामित्वधन द्यावं लागता कामा नये, आणि ही सूट त्या मानकाच्या आयुष्यभर राहिली पाहिजे, ते नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेने सांभाळलेलं असावं, एका विशिष्ट तंत्राला बांधलेलं नसावं, आणि जिथे लागू असेल तिथे भारतीय भाषांना सामावून घेणारं असावं. ही शेवटची अट आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, तिच्याकडे पुढे येतो.

धोरण सरकारी कामासाठी आहे. तुमच्या वाचनालयाला, ट्रस्टला, गृहनिर्माण सोसायटीला ते बंधनकारक नाही. पण व्याख्या उसनी घ्यायला कोण अडवतंय?

माझी तक्रार धोरणाबद्दल नाही, ते वापरण्याच्या पद्धतीबद्दल आहे. निविदांमध्ये त्यातला फक्त ‘खुली मानके’ हा शब्द उतरतो, अटी उतरत नाहीत. हा फरक किती मोठा आहे ते बघायचं तर कार्यालयीन फायलींच्या फॉर्मॅटची गोष्ट आठवा. ओडीएफ हा फॉर्मॅट २००६ मध्ये आयएसओचं मानक झाला. त्यानंतर मायक्रोसॉफ्टकडून आलेला ओओएक्सएमएल, म्हणजे तुमच्या ‘डॉकएक्स’ फायलींचा फॉर्मॅट, आयएसओकडे गेला. त्याच्या पहिल्या तपशिलाची पानं साधारण सहा हजार. सप्टेंबर २००७ च्या मतदानात तो मंजूर झाला नाही. भारताने विरोधात मत दिलं होतं. २००८ मध्ये दुरुस्त्यांसह तो मंजूर झाला, तेव्हाही भारत विरोधातच होता. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला या चार देशांनी अपील केलं, ते फेटाळलं गेलं.

आता त्या मानकातही दोन प्रकार आहेत. एक ‘स्ट्रिक्ट’, आणि दुसरा ‘ट्रान्झिशनल’, ज्यात जुन्या सॉफ्टवेअरच्या सवयी सांभाळून घेतल्या आहेत. आपण रोज ‘सेव्ह’ दाबतो तेव्हा साधारणपणे दुसरा तयार होतो. म्हणजे ‘आम्ही आयएसओ मानक पाळतो’ हे वाक्य खरं असूनही ते तुम्हाला फारसं काही सांगत नाही. कोणतं मानक, कोणती आवृत्ती, कोणता प्रकार, हे विचारलं नाही तर ‘होय’ला अर्थ नाही.

ब्रिटनच्या सरकारने २०१४ मध्ये याबाबत जे केलं ते मला आवडतं. त्यांनी नावं घेऊन सांगितलं: संपादन करायचे दस्तऐवज देवाणघेवाणीसाठी ओडीएफमध्ये, नुसते वाचायचे ते पीडीएफ/ए किंवा एचटीएमएलमध्ये. त्या निवडीशी तुम्ही सहमत असा किंवा नसा, पण ते नेमकं आहे. त्यावर पुरवठादाराला गोलगोल उत्तर देता येत नाही.

मराठी आली की पीडीएफ/ए चं काय होतं?

आता आपल्या भाषेकडे येऊ. कारण निविदा बहुतेकदा इंग्रजी नमुन्यावरून उतरवलेल्या असतात आणि मराठीची अडचण तिथेच सुटून जाते.

पीडीएफ/ए हे दीर्घकाळ जतन करायच्या पीडीएफचं मानक, २००५ सालचं. फाँट फाईलच्या आतच असला पाहिजे, बाहेरच्या कशावर अवलंबून राहता कामा नये, हे त्याचं सूत्र. म्हणजे बाईंच्या आदेशासारखा फाँट हरवण्याचा प्रश्न मिटला. मग अडचण काय?

या मानकाच्या पातळ्या आहेत. ‘बी’ पातळी एवढीच हमी देते की पान उद्याही आजसारखंच दिसेल. दिसेल! त्यातला मजकूर शोधता येईल, कॉपी करता येईल, अंध वाचकाला ऐकता येईल, याची ती हमी देत नाही. २०११ च्या दुसऱ्या भागात ‘यू’ पातळी आली. त्यात पानावरच्या प्रत्येक आकारामागे युनिकोडमधलं अक्षर नोंदलेलं असावं लागतं. आणि ‘ए’ पातळीत मजकुराची रचना आणि वाचनाचा क्रमही नोंदवावा लागतो.

इंग्रजीत ‘बी’ आणि ‘यू’मधला फरक बहुधा जाणवत नाही. मराठीत लगेच जाणवतो. ‘किती’ हा शब्द घ्या. पहिली वेलांटी उच्चारात ‘क’नंतर येते, पण कागदावर ‘क’च्या आधी दिसते. पीडीएफ पानावर आकार कुठे काढायचे ते नोंदवतं. त्यामुळे मजकूर कॉपी केला की वेलांटी भलतीकडे जाते, रफार सुटतो, जोडाक्षर फुटतं. ‘यू’ पातळीतही प्रत्येक आकाराला अक्षर मिळतं, पण ती अक्षरं योग्य क्रमाने बाहेर येतील असं नाही. पान सुंदर दिसतं आणि शोधलं की सापडत नाही.

याची कसोटी अगदी सोपी आहे, आणि ती करायला संगणकतज्ज्ञ लागत नाही. प्रणालीतून निघालेली मराठी पीडीएफ उघडा. एक परिच्छेद कॉपी करा. साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. वाचता आला तर ठीक. नाही आला तर प्रमाणपत्र कितीही चकचकीत असो, वीस वर्षांनी तुमच्याकडे कागदांची नुसती छायाचित्रं उरणार आहेत. मानकाची तांत्रिक तपासणी करायला ‘व्हेरापीडीएफ’ नावाचं मोफत साधन आहे, ते जरूर वापरा. पण ते ही नोटपॅडची कसोटी तुमच्यासाठी घेत नाही.

शोधाचंही तसंच. ‘ॲड.’ हा वकिलांच्या नावाआधी येणारा शब्द. यातलं ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आलं. त्याआधी, आणि आजही अनेक ठिकाणी, ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलं जातं. डोळ्याला दोन्ही सारखी. संगणकाला दोन वेगळे शब्द. युनिकोडचे एकरूप करण्याचे ठरलेले नियम आहेत, तेही या दोघांना एक मानत नाहीत. ‘कऱ्हाड’मधला चंद्रकोरीसारखा ‘ऱ’ही दोन रीतींनी टाईप होतो. म्हणजे एका लिपिकाने नोंदवलेली फाईल दुसऱ्याला सापडणार नाही, आणि दोघंही बरोबरच असतील.

वर्णक्रमाचं पाहा. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. युनिकोडच्या क्रमांकांत तो ‘ल’च्या लगेच पुढे आहे. प्रणाली नुसत्या क्रमांकांवरून यादी लावत असेल तर काळे यांची फाईल कावळे यांच्या आधी येते. ही फार मोठी चूक नाही, पण पुरवठादाराने मराठी कधी खरोखर चालवून पाहिली आहे का, ते या एका यादीवरून कळतं.

धोरणातली भारतीय भाषांची अट आठवते ना? ती निविदेत उतरवायची तर अशी उतरवावी लागते. ‘मराठी सपोर्ट: होय’ असं लिहून भागत नाही.

कागदापेक्षा नोंद मोठी

बाईंच्या प्रकरणात शेवटी कोण कामाला आलं? फाँट नाही, जावक नोंदवही. दस्तऐवज वाचता येणं ही निम्मी गोष्ट. तो कुणी काढला, केव्हा काढला, कुणाला पाठवला, तो कच्चा की अंतिम, तो किती वर्षं ठेवायचा, ही नोंद म्हणजे उरलेली निम्मी. संगणकवाले तिला मेटाडेटा म्हणतात. आपल्याकडे ती बारनिशीची परंपरा आहे, अभिलेखांच्या अ, ब, क, ड वर्गवारीची परंपरा आहे. यातला ‘अ’ म्हणजे कायम ठेवायचा. हे काही नवीन ज्ञान नाही.

कायदाही हेच म्हणतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७ मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेख जपण्याच्या तीन अटी आहेत. माहिती पुढेही वापरता येईल अशी उपलब्ध हवी. ती मूळ स्वरूपात, किंवा मूळ माहिती अचूक दाखवते हे सिद्ध करता येईल अशा स्वरूपात हवी. आणि ती कुठून निघाली, कुठे गेली, केव्हा, हे कळेल असा तपशील सोबत हवा. तिसरी अट म्हणजे आपली आवक-जावकच. सार्वजनिक प्राधिकरणांसाठी तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये अभिलेखांची नीट यादी आणि सूची ठेवण्याची जबाबदारी स्पष्ट आहे.

दुसऱ्या अटीवर थोडं थांबू. शासन निर्णयांच्या शेवटी तुम्ही वाचलं असेल की तो डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केला आहे, आणि त्याला एक लांबलचक संकेतांक दिलेला असतो. काही प्रणाली फाईल आत घेतानाच तिचं ‘सोयीस्कर’ रूपांतर करतात. आकार कमी करतात, पानावर शिक्का उमटवतात. फाईलचे बाइट बदलले की त्या स्वाक्षरीची पडताळणी मोडते. दिसायला कागद तोच, पुरावा म्हणून मात्र लंगडा. म्हणून मूळ फाईल जशीच्या तशी ठेवायची आणि जतनासाठीची प्रत शेजारी वेगळी ठेवायची, हा नियम. निविदांमध्ये मला तो क्वचित दिसतो.

नोंदींसाठीही खुली मानकं आहेत. डब्लिन कोअर हे त्यातलं सर्वांत साधं. शीर्षक, कर्ता, दिनांक, विषय अशी पंधरा मूळ कलमं. ग्रंथालयात काम करणाऱ्यांना ते माहीत असेल. देशभरातले शोधप्रबंध ठेवणारं ‘शोधगंगा’ हे भांडार डीस्पेस या ओपन सोर्स प्रणालीवर चालतं आणि डीस्पेसमध्ये डब्लिन कोअर अंगभूत आहे. पण इथेही सावध राहा. डीस्पेस पूर्ण झालेले दस्तऐवज ठेवण्यासाठी आहे. रोजच्या कार्यालयातली, पाच मसुदे होणारी, चार टेबलांवर फिरणारी फाईल हे त्याचं क्षेत्र नाही. मानक चांगलं, प्रणालीही चांगली, पण तुमच्या कामाला चुकीची, असं होऊ शकतं. आणि कार्यालयाच्या दृष्टीने पंधरा कलमांत ‘जावक क्रमांक’ आणि ‘नष्ट करण्याचा दिनांक’ यांना सरळ जागा नाही. ती तुम्हाला जोडावी लागेल, आणि कशी जोडली ते लिहून ठेवावं लागेल.

सीएमआयएस: चांगला करार, रिकाम्या जागांसह

आता खास डीएमएससाठीच केलेल्या मानकाकडे येऊ. सीएमआयएस. ईएमसी, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या एकमेकींच्या स्पर्धक कंपन्यांनी २००८ मध्ये त्याचा मसुदा पुढे आणला, २०१० मध्ये ओएसिस या संस्थेने पहिली आवृत्ती मंजूर केली आणि २०१३ मध्ये १.१ आली. कल्पना सुरेख आहे. प्रत्येक प्रणालीने आपलं भांडार एकाच ठरलेल्या भाषेत बाहेरच्यांना खुलं करायचं: फोल्डर, दस्तऐवज, त्याच्या आवृत्त्या, गुणधर्म, परवानग्या, शोध. म्हणजे आज अल्फ्रेस्को, उद्या न्यूक्सिओ, मधला पूल एकच.

मी या मानकाचा चाहता आहे, म्हणूनच त्याच्यावर टीका करतो. पहिली गोष्ट म्हणजे त्यातल्या बऱ्याच क्षमता ऐच्छिक आहेत. प्रणाली म्हणू शकते, ‘माझ्याकडे शोधाची सोय: नाही. परवानग्या दाखवण्याची सोय: नाही.’ आणि तरीही ती सीएमआयएस पाळणारी असू शकते. हे मानकाच्या नियमांत बसतं, कारण लहानमोठ्या सगळ्यांना सामावून घ्यायचं होतं. पण विकत घेणाऱ्याला हे माहीत नसतं. तो ‘सीएमआयएस: होय’ वाचतो आणि पूल पक्का आहे असं समजतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कार्यालयाचा आत्मा त्यात नाही. फाईल कुणाच्या टेबलावरून कुणाकडे गेली, कुणी काय टिपणी लिहिली, कुणी मान्यता दिली, हा प्रवास सीएमआयएसच्या कक्षेबाहेर आहे. जतनाच्या मुदतीची थोडी सोय १.१ मध्ये आली, तीही ऐच्छिक. म्हणजे पुलावरून कागद पलीकडे जाईल, पण तो कसा घडला हे अलीकडेच राहील. बाईंचा आदेश पोहोचेल आणि जावक नोंदवही मागे राहील.

मग सीएमआयएस मागू नये का? जरूर मागा. पण क्षमतांची यादी पुरवठादाराने प्रणालीतूनच काढून दाखवावी असं मागा. प्रत्येक प्रणालीने आपल्या क्षमता जाहीर करायच्या असतात, मानकातच ती तरतूद आहे. ते एक पान माहितीपत्रकाच्या चाळीस पानांपेक्षा अधिक बोलकं असतं.

शंभर कागदांची कसोटी

आता माझं मुख्य म्हणणं. आपण खुलेपणा आत जाताना तपासतो. किती प्रकारच्या फायली चढवता येतात, स्कॅनर जोडता येतो का, ईमेल घेता येतो का. आत घ्यायला कुणीच नाही म्हणत नाही. खुलं मानक कळतं ते बाहेर पडताना. म्हणून खरेदीच्या आधी बाहेर पडून पाहायचं.

तुमच्याच दप्तरातले शंभर दस्तऐवज निवडा. त्यात जुन्या फाँटमधली चार पत्रं असू द्या. तक्ते असलेली डॉकएक्स असू द्या. डिजिटल स्वाक्षरीचा एखादा शासन निर्णय, स्कॅन केलेला सातबारा, जोडपत्रांसह एखादा ईमेल, आणि पाच वेळा दुरुस्त झालेला एक ठराव असू द्या. ते प्रणालीत चढवा. दोन दिवस तुमच्याच लिपिकांना त्यावर काम करू द्या. टिपण्या लिहू द्या, मान्यता घेऊ द्या. मग पुरवठादाराला सांगा: आता हे सगळं बाहेर काढा. तुमच्या माणसाने नाही, आमच्या माणसाने, तुमच्या पुस्तिकेत पाहून.

बाहेर आलेलं सगळं अशा संगणकावर ठेवा जिथे ती प्रणाली नाही. आणि पाच प्रश्न विचारा. शंभरच्या शंभर आले का? मूळ फाईल बाइटनिशी तीच आहे का, स्वाक्षरी पडताळते का? ठरावाच्या पाचही आवृत्त्या क्रमाने आहेत का? प्रत्येकाची नोंद, म्हणजे क्रमांक, तारीख, कर्ता, मान्यता, साध्या वाचता येणाऱ्या फाईलमध्ये आहे का? आणि मराठी शोधता येते का?

बाहेर काढलेलं कसं बांधायचं यालाही खुला संकेत आहे. बॅगइट. २०१८ मध्ये त्याचा तपशील आरएफसी ८४९३ म्हणून प्रसिद्ध झाला. नाव परकं, कल्पना घरगुती: एका फोल्डरमध्ये सगळ्या फायली, आणि सोबत एक यादी, जिच्यात प्रत्येक फाईलचा आकडेमोडीने काढलेला ठसा. फाईलमध्ये एक अक्षर बदललं तरी ठसा जुळत नाही. वाचनालयं स्थलांतराच्या वेळी पुस्तकांच्या गठ्ठ्यावर यादी चिकटवतात ना, तसंच.

त्या संस्थेत आम्ही ही कसोटी घेतली. तिघांपैकी एकाकडून शंभर पीडीएफ आल्या, त्यांची नावं आकड्यांत होती आणि नोंदी नव्हत्याच. दुसऱ्याकडून नोंदी आल्या, पण शेवटचीच आवृत्ती आली. तिसऱ्याची प्रणाली दिसायला सगळ्यांत साधी, पडदा जुनाट. तिच्यातून सगळं आलं, मराठी शोधात मात्र ‘ॲ’वर ती अडखळली. त्यांनी ते कबूल केलं आणि तीन आठवड्यांत दुरुस्त करून आणलं. तिघांच्याही अर्जावर ‘होय’ होतं, हे विसरू नका.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. “आम्हाला कुठे जायचंय? चांगली प्रणाली घेतली, ती वापरू.” त्यात तथ्य आहे. रोज वापरायला सोपी प्रणाली नसेल तर लोक कागद पुन्हा पेनड्राईव्हवर ठेवतील, आणि मग मानकांना अर्थ नाही. पण दार वापरायचं नसलं तरी ते असावं लागतं. किंमत वाढवण्याच्या वाटाघाटीत तुमची बाजू त्या दाराएवढीच भक्कम असते. आणि बाईंची नोकरी तीस वर्षांची, त्यावर पेन्शनचा काळ. एवढा काळ टिकेल अशी हमी कोणताही पुरवठादार देऊ शकत नाही, आणि ती मागणंही अन्यायाचं आहे. कागद टिकायची हमी मात्र आपण देऊ शकतो.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कापडी रुमालांत बांधलेले कागद आहेत. बरेचसे मोडी लिपीत. आज मोडी वाचणारे थोडे. पण मोडी शिकता येते, पुस्तकातून, वर्गात, सहा महिन्यांत बऱ्यापैकी. कारण तिची किल्ली कुणाच्या मालकीची नाही. १९३० च्या दशकात सरदेसायांनी त्या दफ्तरातले निवडक कागद पंचेचाळीस खंडांत छापून आणले. दीडशे-दोनशे वर्षांनी ते शक्य झालं. आमच्या १९९८ च्या सीडीची किल्ली एका फाँटमध्ये आणि प्रिंटरच्या पोर्टच्या कुलपात होती, ती वीस वर्षंही पुरली नाही. नवी प्रणाली घेताना आपण यातल्या कोणत्या जातीची किल्ली घेतोय, एवढं पाहा.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न:* सर, आमचं तालुक्याचं छोटं वाचनालय आहे. डीएमएस परवडणारच नाही. आम्ही काय करायचं?

घाई करून घेऊ नका. वर्षवार फोल्डर करा. फाईलच्या नावात तारीख आणि जावक क्रमांक घाला, ‘फायनल नवीन’ असं लिहू नका. जतनाची प्रत पीडीएफ/ए मध्ये, लिब्रेऑफिसमधून फुकट काढता येते. आणि एका ओडीएस तक्त्यात आवक-जावक नोंद ठेवा. दोन प्रती, दोन वेगळ्या इमारतींत. उद्या पैसे आले आणि प्रणाली घेतली तर हे सगळं जसंच्या तसं आत जाईल. महागड्या प्रणालीतून निघालेल्या कित्येक गठ्ठ्यांपेक्षा तुमचं दप्तर जास्त खुलं असेल.

*प्रश्न:* इतक्या अटी घातल्या तर निविदेला कुणी येतच नाही, असा आमचा अनुभव आहे.

अनुभव खरा आहे. म्हणून सगळ्या अटी अनिवार्य करू नका. तीनच करा: मूळ फाईल अबाधित, नोंदी आणि सर्व आवृत्त्यांसह बाहेर काढण्याची सोय, आणि मराठी युनिकोड कसोटी. बाकीच्यांना गुण द्या. प्रमाणपत्रं कमी मागा, प्रात्यक्षिक जास्त घ्या. लहान पुरवठादारांना प्रमाणपत्रं परवडत नाहीत, प्रात्यक्षिक परवडतं. आणि करारात लिहून घ्या की करार संपताना माहिती काढून देण्याचा वेगळा खर्च लागणार नाही, आणि दरवर्षी एकदा ती काढून दाखवली जाईल. दरवर्षी, हे महत्त्वाचं. वर्षानुवर्षं न उघडलेलं दार ऐनवेळी अडकतं.

बाईंबद्दल कुणी चिठ्ठी पाठवली आहे. त्यांना पेन्शन मिळाली, थकबाकीसह. मी त्यांना विचारलं होतं, नव्या प्रणालीत काय हवं? त्या म्हणाल्या, “माझा कागद मागितला की तुम्ही माझ्याकडे असं बघू नये, जणू मीच तो हरवलाय.” निविदेत हे लिहिता येत नाही. पण निविदा लिहिताना ते आठवावं.